वेल कोणाचा?

परसांत भाजीपाला लावणें हा विषय नीतिशास्त्राच्या प्राध्यापकानें चर्चेस घेण्याइतका गहन आहे, असें आम्हांस सात-आठ वर्षांपूर्वीं कोणी सांगितलें असतें तर आम्हीं तें हंसण्यावारी नेलें असतें. मालकी म्हणजे काय, श्रमानें वस्तु आपली होते म्हणजे नक्की काय होतें, हे प्रश्न आम्ही गेलीं सत्तावीस वर्षें विद्यार्थ्यांपुढें मांडीत आलों आहों, आणि त्यांचीं उत्तरें दहा दहा गुणांच्या मापानें तपाशीत आलों आहों. परंतु तोच प्रश्न एके दिवशीं आमच्या स्वतःच्या भिंतीवर चढून पलीकडे उतरेल, आणि त्याचें उत्तर देतांना एका वृद्ध स्त्रीच्या जिव्हारीं लागेल असा शब्द आमच्या तोंडून निघून जाईल, अशी कल्पना आम्हांस नव्हती. तो शब्द कां निघाला आणि तो चुकीचा कां होता, याचा शोध घेण्यासाठीं हा लेख लिहीत आहों. वाचकांपैकीं ज्यांच्या घराला परसूं आहे त्यांस त्यांत कदाचित् स्वतःचीहि भिंत दिसेल.

आमची परसबाग ही टाळेबंदीची संतति. २०२० सालच्या मार्चअखेरीस सारा देश दारें लावून बसला, तेव्हां सांगलींतील आमच्या घरामागें वीस फूट लांब व बारा फूट रुंद अशी एक पट्टी पडून होती. जुन्या शहाबादी फरशा, एक फुटका रांजण आणि गाजरगवत एवढेंच तिचें पीक. महाविद्यालय बंद, व्याख्यानें संगणकाच्या पडद्यावर, आणि भाजीवाला गल्लींत येईल कीं नाहीं याची रोजची धास्ती. अशा वेळीं अनेक सुशिक्षितांस अकस्मात् मातीची ओढ लागली, तशी ती आम्हांसहि लागली. बहुतेकांची ती ओढ दारें उघडतांच ओसरली. आमची टिकली, यांत आमचा गुण थोडा आणि कृष्णाकांठच्या काळ्या मातीचा अधिक. मेथी, पालक, अंबाडी, वांगीं, घेवडा असें करीत करीत वर्षाचे सात-आठ महिने तरी कांहीं ना कांहीं घरचें पानांत पडूं लागलें.

घराच्या आंतील शेतीचें खातें मात्र सौभाग्यवतींकडे आहे, व त्यांत आम्हांस ढवळाढवळ करूं दिली जात नाहीं. स्वयंपाकघराच्या पूर्वेकडील खिडकींत तेलाच्या जुन्या डब्यांतून त्यांची कोथिंबीर उभी असते. धने पोळपाटावर लाटण्यानें हलके रगडून त्यांच्या दोन फांका केल्या म्हणजे तीं दाट उगवतें, हें ज्ञान त्यांनीं आपल्या आईकडून घेतलें आणि आम्हांस तें पुस्तकांतून वाचून दाखविण्याचा मोह झाला तेव्हां त्या नुसत्या हंसल्या. बाजारच्या जुडींतल्या पुदिन्याच्या काड्या पेलाभर पाण्यांत ठेवून त्यांस मुळ्या फुटल्या कीं त्या कुंडींत जातात. कोंब आलेल्या लसणाच्या पाकळ्या बशींत उभ्या राहतात आणि त्यांची पात आमटींत पडते. मेथी उथळ ताटलींत तीन आठवड्यांत खुडण्याजोगी होते. या शेतींत तत्त्वज्ञानाला शिरकाव नाहीं. कारण खिडकीला गज आहेत आणि गजांपलीकडे शेजारी नाहीं.

ज्याविषयीं हें सारें लिहावयाचें तो वेल दुधी भोपळ्याचा. गेल्या वर्षीं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत आम्हीं पश्चिमेकडील भिंतीच्या पायथ्याशीं आळें करून चार बिया टोंचल्या. दोन उगवल्या, त्यांतला एक रोपा जोमदार पाहून दुसरा उपटून टाकला. (या उपटण्याच्या नीतीवरहि एक स्वतंत्र निबंध होईल, पण तो पुन्हां केव्हां तरी.) भिंत छातीइतकी उंच. तिच्या अलीकडे आम्हीं काठ्यांचा मांडव उभारला होता. परंतु वेलाला आमच्या मांडवापेक्षां भिंतीचीच आवड अधिक दिसली. मार्चअखेर त्याचे दोन फांटे भिंत ओलांडून शेजारीं उतरले. तेथें सत्तरी ओलांडलेल्या एक काकू राहतात. तासगांव तालुक्यांतील एका खेड्यांत सारा जन्म शेतांत गेलेला. मुलगा नोकरीनिमित्त शहरांत आला त्याच्याबरोबर त्याहि आल्या, आणि दहा वर्षें झालीं, कांक्रीटच्या अंगणांत बसून आहेत. वेल पलीकडे गेला तेव्हां आम्हीं सहज म्हटलें, "काकू, अडचण होत असली तर सांगा, ओढून घेतो." त्या म्हणाल्या, "असू द्या की सर, सावली करील."

एप्रिलांत आम्ही उभयतां मुलीकडे बंगळूरास सोळा दिवस जाऊन राहिलों. परत येऊन पाहतों तों आमच्या बाजूचा वेल पानांनीं गच्च आणि फळावांचून मोकळा! भिंतीवरून डोकावलों तों पलीकडे पांच कोंवळे, लुसलुशीत भोपळे लोंबत आहेत, सहाव्याचा देंठ नुकताच कापलेला आहे, आणि काकूंच्या पायरीवर विळीजवळ सालींचा लहानसा ढीग पडला आहे. बाजारांत अशा भोपळ्यास फार तर तीस रुपये पडतात. तीस रुपयांसाठीं आम्हीं आजवर कोणाशीं वाद घातलेला नाहीं, रिक्षावाल्याशींहि नाहीं. परंतु त्या क्षणीं अंगांत कांहीं तरी चढलें खरें. काकू बाहेर आल्या तेव्हां आम्ही म्हणालों, "काकू, वेल आमचा आहे. काढायचा झाला तर विचारून काढत जा."

"बरं सर," एवढेंच त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं भिंतीच्या माथ्यावर तीन भोपळे ओळीनें मांडून ठेवलेले दिसले. पलीकडे गेलेले दोन्ही फांटे हळुवार उचलून आमच्या बाजूस आणले होते आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनीं आमच्याच मांडवाला बांधले होते. एकहि पान मोडलें नव्हतें. सौभाग्यवतींनीं ते भोपळे घरांत आणले, ओट्यावर ठेवले आणि म्हणाल्या, "हे मी चिरणार नाही. तुम्हीच काय ते करा."

चुकलेला मनुष्य एक तर क्षमा मागतो किंवा पुरावा शोधूं लागतो. आम्ही पडलों प्राध्यापक. आम्हीं पुरावा शोधला. आणि पुरावा, खेदाची गोष्ट म्हणजे, आमच्या बाजूचा निघाला. रोमन लोकांच्या द्वादशपटलांतच शेजाऱ्याच्या जमिनींत पडलेलें आपल्या झाडाचें फळ वेंचून आणण्याची मालकाला मुभा होती, आणि पुढें त्यासाठीं दर तिसऱ्या दिवशीं शेजारच्या जमिनींत पाऊल टाकूं देण्याचा एक स्वतंत्र हुकूम न्यायाधिकाऱ्यानें तयार केला. इंग्लंडांत तर हा प्रश्न सफरचंदांवरून न्यायालयांत गेला. आपल्या हद्दींत आलेल्या फांद्या शेजाऱ्यानें सूचना न देतांहि छाटाव्या, असें तेथील उमरावसभेनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठरविलें होतें. परंतु १९१९ सालच्या एका खटल्यांत असें ठरलें कीं, फांदी छाटणें हा शेजाऱ्याचा अधिकार असला तरी तिच्यावरील फळें झाडाच्या मालकाचींच, व तीं काढून विकणारा शेजारी भरपाईस पात्र. जर्मनांची दिवाणी संहिता १९०० सालीं अमलांत आली. तिनें मध्यम मार्ग काढला कीं, फांदीवर आहे तोंवर फळ झाडवाल्याचें, आणि आपोआप गळून शेजारीं पडलें कीं शेजाऱ्याचें. म्हणजे वेल कापण्यास काकूंना इंग्रजी कायद्याची आडकाठी नव्हती. भोपळा खाण्यास होती. त्यांनीं वेल कापला तर नाहींच, उलट आणून बांधला. कायदा आमचा आणि सौजन्य त्यांचें, असा तो हिशेब होता, आणि त्यांत समाधान मानण्याइतके आम्ही त्या आठवड्यांत कोते झालों होतों हें कबूल केलें पाहिजे.

समाधान फार टिकलें नाहीं. मेचा पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, वेलावर पांढरीं फुलें रोज येत होतीं, मादीफुलांच्या मागें करंगळीएवढे केंसाळ भोपळे दिसत होते; आणि चार दिवसांत प्रत्येक भोपळा पिवळा पडून, सुरकुतून गळत होता. आम्हीं शेणखत घातलें, दुकानांतून कसलेंसें औषध आणून फवारलें, उन्हाला दोष दिला. शेवटीं सौभाग्यवती म्हणाल्या, "काकूंना विचारा. आपण बंगळूरला होतो तेव्हा त्या रोज तिन्हीसांजेला फुलं जुळवत होत्या. त्यांच्या सुनेनं सांगितलं मला." म्हणजे आमच्या घरांत हें एकास ठाऊक होतें, आणि तें आम्हांस सांगावें असा आमचा चेहरा त्या पंधरवड्यांत नव्हता.

ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. दुधीच्या एकाच वेलावर नरफुलें आणि मादीफुलें निराळीं येतात. नरफूल लांब, सडपातळ देंठावर उभें. मादीफुलाच्या पाठीशीं आधींच इवलासा भोपळा. हीं फुलें भोपळ्याच्या इतर कित्येक भाईबंदांसारखीं सकाळीं उमलत नाहींत, सांज झाली म्हणजे उमलतात आणि दुसऱ्या दिवशीं कोमेजतात. त्यांचे पाहुणे म्हणजे रात्रींचे पतंग. शहरांतील परसांत तो पाहुणा आला तर आला. तो न आला तर नरफूल खुडून, त्याच्या पाकळ्या मागें दुमडून, त्याचे केसर मादीफुलाच्या मध्यावर हातानें हलकेच टेंकवावे लागतात, आणि तेंहि त्याच संध्याकाळीं. शिवाय कडक उन्हाळ्यांत नरफुलेंच फार येतात. मुख्य शेंडा खुडला तर बगलफांटे फुटतात आणि त्यांवर मादीफुलें अधिक धरतात. काकूंनीं शेंडा खुडला होता, सोळा दिवस भिंतीवरून बादलीनें आमच्या आळ्यांत पाणी ओतलें होतें (आमच्या नळाला चावी होती आणि ती आमच्या खिशांत बंगळूरास होती), आणि रोज दिवेलागणीला फुलें जुळविलीं होतीं. तो भोपळा त्यांनीं आमच्या वेलावरून घेतला, हें खरें. त्यांच्या हाताविना तो भोपळा झालाच नसता, हेंहि तितकेंच खरें.

आतां आमच्या धंद्याचा प्रश्न. जॉन लॉक यानें १६८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या राज्यशासनविषयक दुसऱ्या निबंधांत मालकीचा उगम श्रमांत दाखविला. मनुष्याचें शरीर त्याचें स्वतःचें, म्हणून त्याचे श्रम त्याचे, आणि निसर्गाच्या ज्या वस्तूंत तो आपले श्रम मिसळतो ती वस्तु त्याची. हा विचार आम्हीं इतक्या वेळां शिकविला आहे कीं तो आमच्या जिभेवर कोरला गेला आहे. आणि 'वेल आमचा' हे शब्द, खरें सांगावयाचें तर, लॉकच्याच घरांतून आले. तेव्हां लॉकच्याच मापानें आमचे श्रम मोजूं. जमीन आम्हीं खणली नाहीं. तीन दिवसांच्या मजुरीवर एका गड्यानें खणली. शेणखताच्या पाट्या त्यानेंच वाहिल्या. बिया आमच्या आईनें गांवाकडून आणून फडक्यांत बांधून ठेविलेल्या बियांच्या वंशांतल्या; म्हणजे त्यांच्या निवडीचे श्रम अशा बायकांचे कीं ज्यांचीं नांवेंहि आम्हांस ठाऊक नाहींत. आमचे स्वतःचे श्रम म्हणजे चार बिया आंगठ्यानें दाबणें, मांडव बांधणें, आणि दोन महिने संध्याकाळीं नळीनें पाणी घालीत उभें राहणें. पैकीं शेवटचें आम्हीं करमणूक म्हणूनच केलें. लॉक येथें आमच्या मदतीस धांवून येतो हें विशेष. माझ्या घोड्यानें खाल्लेलें गवत आणि माझ्या नोकरानें कापलेलीं ढेकळें हींहि माझींच, असें तो तेथेंच म्हणून ठेवतो. मजुरी दिली कीं गड्याचे श्रम आमचे झाले! हा परिच्छेद वर्गांत वाचतांना आम्ही नेहमीं किंचित् घाईनें पुढें जात असूं. कां जात असूं तें आतां कळलें. श्रमानें मालकी येते हें तत्त्व ज्याच्या हातांत श्रम आहेत त्याच्यासाठीं मांडावयाचें आणि लगेच तें ज्याच्या हातांत पैसे आहेत त्याच्या हवालीं करावयाचें, ही त्या ग्रंथांतली मोठी फट आहे. आणि काकूंना तर आम्हीं मजुरीहि दिली नव्हती.

'मिसळणें' या शब्दांतच घोटाळा आहे, हें रॉबर्ट नोझिक यानें १९७४ सालीं एका मासलेवाईक प्रश्नानें दाखविलें. मी माझ्या मालकीचा टोमॅटोचा रस डबाभर समुद्रांत ओतला, तर समुद्र माझा झाला कीं माझा रस वायां गेला? आमच्या वेलांत आम्हीं मिसळलेले श्रम किती आणि त्यांनीं मिसळलेले किती, हें ठरविण्याची कोणतीहि चाळण नाहीं. पाणी कोणाचें किती मुळांत गेलें, हें वेलहि सांगूं शकणार नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, अशानें पतंगालाहि वांटा द्यावा लागेल. पतंग फुलांतील मध पिऊन जातो. भोपळा धरावा अशी त्याची इच्छा नसते. काकूंना भोपळा धरावा असें वाटत होतें, आणि वेल आपला नाहीं हेंहि त्यांस ठाऊक होतें. दोन्ही ठाऊक असून केलेल्या श्रमाला कांहीं तरी निराळें नांव पाहिजे. आमच्याकडील १८७२ च्या करार कायद्यांत सत्तरावें कलम आहे: एखाद्यानें दुसऱ्यासाठीं कायदेशीरपणें कांहीं केलें, तें फुकट करण्याचा त्याचा हेतु नव्हता, आणि दुसऱ्यानें त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणारानें भरपाई केली पाहिजे. उत्तम कलम आहे. परंतु काकूंचा हेतु फुकट करण्याचा होता कीं नव्हता? हा प्रश्न त्यांना विचारला तर त्या आमच्याकडे आम्ही आजारी असल्यासारखें पाहतील. वेल तहानलेला दिसला, पाणी घातलें. फुलें वायां चाललीं होतीं, जुळविलीं. भोपळा कोंवळा होता, निबर होण्याआधीं काढला. देणगी, उसनवार आणि मजुरी या तीन खणांच्या पेटींत ज्याला जागा नाहीं असें पुष्कळ कांहीं शेजारीं शेजारीं चाललेलें असतें, आणि तें पेटींत कोंबूं गेलें कीं मोडतें.

या वेळीं आम्हांस मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायाचें स्मरण झालें. बीज श्रेष्ठ कीं क्षेत्र श्रेष्ठ, असा वाद तेथें घातला आहे. वाऱ्यानें वा पाण्याच्या ओघानें आलेलें बीज दुसऱ्याच्या शेतांत रुजलें तर फळ शेतवाल्याचें, बीजवाल्याला कांहीं नाहीं, असा निकाल तेथें दिला आहे. आणि बीजवाला व शेतवाला यांनीं आधीं ठराव केला असेल तर दोघेहि भागीदार, असेंहि सांगितलें आहे. वाऱ्यानें आलेल्या बीजाचा वाद आजहि संपलेला नाहीं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं पेटंट घेतलेल्या मोहरीवर्गीय बियाण्याच्या खटल्यांत, बीज शेतांत पहिल्यानें कसें आलें यापेक्षां शेतकऱ्यानें तें जाणून राखलें व पेरलें याला महत्त्व दिलें, आणि निकाल बीजवाल्या कंपनीच्या बाजूनें, तोहि अवघ्या एका मताच्या आधिक्यानें, दिला. मात्र शेतकऱ्याकडून नफ्याचा पैसा देवविला नाहीं. आणि दुधीनें तर या साऱ्या वादांना केव्हांच मागें टाकलें आहे. आफ्रिकेंत जन्मलेला हा भोपळा अटलांटिक महासागरावर तरंगत तरंगत, कोलंबसाच्या कित्येक सहस्र वर्षें आधीं, अमेरिकेस लागला असावा, असें २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासावरून दिसतें. त्याच्यापुढें आमची छातीइतकी भिंत ती काय!

पण मनुस्मृतींतील तो वाद शेतीचा नव्हे. संतति कोणाची, बापाची कीं आईच्या नवऱ्याची, हा तेथला मूळ प्रश्न. बीज म्हणजे पुरुष आणि क्षेत्र म्हणजे स्त्री. स्त्री ही जमीन, तिनें धारण करावें, तिनें केलें असें कांहीं नाहीं. शतकानुशतकें ही उपमा आपण निमूटपणें वाचीत आलों. आमच्या भिंतीपाशीं मात्र बीज टाकून निघून गेलेले आम्ही, आणि नरफूल हातांत घेऊन मादीफुलावर टेंकविणारी, कोणत्या फुलांत धरण्याचा जीव आहे हें दुरून ओळखणारी ती बाई. क्षेत्र कोणतें आणि कर्ता कोण? आमचा 'वेल आमचा' हा उद्गार लॉकच्या घरांतून आला असें वर म्हटलें. पण त्याचा खालचा मजला बहुधा आणखी जुना असावा. काकूंच्या जागीं एखादे निवृत्त अभियंते असते, तर आम्हीं आधीं "हे कसे काय धरले बुवा?" असें विचारलें असतें. आमच्या चुकीचा गाभा आम्हांस येथें सांपडला. भोपळा कोणाचा हें आम्हीं आधीं ठरविलें, आणि भोपळा कसा झाला हें विचारलेंच नाहीं.

रूसोच्या 'एमील' या १७६२ सालच्या ग्रंथांत याच विषयाचा एक धडा आहे, आणि तोहि भाजीच्या वाफ्यांतच दिलेला. गुरु लहान एमीलकडून घेवड्याच्या जातीच्या शेंगा लावून घेतो. रोज पाणी घालतां घालतां हें माझें आहे असें मुलाला वाटूं लागतें. एके दिवशीं येऊन पाहतात तों सारे वेल उपटलेले! माळी रॉबेर याचेंच तें कृत्य. मूल रडतें, गुरु जाब विचारतो. तेव्हां रॉबेर उलट त्यांनाच जाब विचारतो कीं, येथें मीं माल्टाचीं दुर्मिळ खरबुजें लावलीं होतीं, तीं तुम्ही उकरून टाकलींत. शेवटीं बागेचा एक कोंपरा मुलाला मिळावा आणि पिकाचा निम्मा वांटा माळ्याला जावा, असें गुरु सुचवितो. माळी वांटा नाकारतो, कोंपरा तसाच देतो, आणि खरबुजांना हात लावलात तर शेंगा पुन्हां उपटीन अशी समज देतो. हा धडा मालकीच्या कल्पनेचा म्हणून शिकवितात. आम्हांस आतां त्यांत दुसरें दिसतें. मुलाचे श्रम खोटे नव्हते, त्याचें रडणेंहि खोटें नव्हतें. आपल्या आधीं त्या मातींत कोणाचा हात फिरला होता हें मात्र त्याला दिसलें नव्हतें. आणि कोंपरा मिळाला तो युक्तिवादानें मिळाला नाहीं, माळ्याच्या मनाच्या मोठेपणानें मिळाला. एमील लहान मूल होता, ही त्याची सबब. आमची कोणती?

एक कसोटी आम्हीं स्वतःला लावून पाहिली, ती सांगतों. काकू भोपळा चिरतांना देंठाकडची पातळ चकती कापून आधीं जिभेला लावतात. दुधी कधीं कधीं कडू निघतो, आणि तो कडवटपणा नुसता चवीचा दोष नसतो. कडू दुधीचा रस पिऊन माणसें अत्यवस्थ झाल्याचीं, दगावल्याचींहि उदाहरणें आपल्या देशांत घडलीं आहेत. समजा, त्यांतील एक भोपळा कडू निघाला असता आणि त्यांस बाधला असता, तर 'वेल आमचा आहे' हें वाक्य आम्ही तितक्याच ठामपणें उच्चारलें असतें काय? आम्हीं फार तर म्हटलें असतें कीं, तो तुमच्या बाजूला होता.

मेच्या अखेरीस आम्ही काकूंकडे गेलों. क्षमेचें एक वाक्य वाटेंत घोळवून ठेवलें होतें, तें अर्ध्यावर आलें तोंच त्या म्हणाल्या, "अवो सर, भोपळ्याचं काय एवढं. चहा घ्या." मग बराच वेळ त्यांनीं आपल्या गांवच्या मळ्याविषयीं सांगितलें, तो मळा आतां कोणाकडे आहे तेंहि सांगितलें, आणि आम्हीं तें ऐकून घेतलें. त्याच सांजेस भिंतीच्या दोन बाजूंस उभें राहून त्यांनीं आम्हांस फुलें जुळवावयास शिकविलें. आमचीं पहिलीं तीन फुकट गेलीं. "दाबू नका, नुसतं लावा," असें त्या म्हणत, आणि आम्ही दाबीत असूं. मृगाचा पाऊस आला तोंपर्यंत वेलावर पुन्हां सात भोपळे धरले होते. फांटे त्यांनीं पुन्हां पलीकडे सोडूं दिले. मात्र आम्हीं दोनदां म्हटल्यावर.

त्यानंतर जें घडलें त्याची तरतूद लॉकनें केली होती आणि तरीहि तें आम्हांस टाळतां आलें नाहीं. श्रमानें मिळालेलें सुद्धां मनुष्यानें नासण्यापूर्वीं वापरतां येईल तेवढेंच घ्यावें, अधिक घेतलें तर तो दुसऱ्याचा वांटा, अशी अट त्यानें घातली आहे. धान्य साठवितां येतें, पैसा तर त्याहून. म्हणून त्या अटीची कोणी फारशी पर्वा केली नाहीं. परंतु कोंवळा दुधी चार दिवस थांबत नाहीं. भिंतीच्या बरोबर माथ्यावर, निम्मा इकडे निम्मा तिकडे, असा एक देखणा भोपळा धरला होता. आम्ही तो काकूंनीं घ्यावा म्हणून ठेवला. काकूंनीं तो आम्हीं घ्यावा म्हणून ठेवला. रोज सकाळीं आम्ही पाहत असूं, तो तेथेंच. आणि त्याहि पाहत असाव्या. विचारणें दोघांनाहि अवघड वाटलें. कारण विचारण्याच्या शब्दाची धार एकदां लागून गेली होती. आठवडा गेला, पावसाची झड लागली, आणि भोपळ्याची लव जाऊन साल टणक झाली. येथून तीन कोसांवर मिरजेस तंबोरे बनतात, त्यांना मोठाले वाळलेले भोपळे लागतात. पण आमचा दुधी कांहीं त्या जातीचा नव्हे.

श्रावणांत एकदां आम्ही त्या भोपळ्याकडे पाहत उभे असतांना काकू पलीकडून आल्या. त्यांनीं बोटाच्या पेरानें त्यावर टिचकी मारून आवाज ऐकला.

"निबर झाला," त्या म्हणाल्या. "आता बियाण्यालाच राहू द्या."